लाईन गेल्यानं डेटा जात नाही, घाईच्या फॉरमॅटनं जातो

सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या आणि शाळेतल्या गुरुजींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो एका आठवड्यात चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय: "विंडोजचा मोठा अपडेट चालू असताना लाईन गेली तर कॉम्प्युटर संपला. फॉरमॅट मारल्याशिवाय इलाज नाही, सगळा डेटा जातो, विंडोज परत विकत घ्यावं लागतं. म्हणून अपडेट कायमचे बंद करून ठेवा."

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात केंद्र चालवतो. आमच्याकडे वादळ सुटलं की लाईन जाते, आणि कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे या मेसेजची भीती मला समजते. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि ती खरी मानून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

"कॉम्प्युटर संपला" हे आधी घेऊ. मोठ्या अपग्रेडमध्ये सुरुवातीला फाइली उतरतात आणि तयारी होते. तेव्हा जुनं विंडोज चालूच असतं, त्यामुळे लाईन गेली तरी बहुधा काही बिघडत नाही. खरी उलथापालथ रीस्टार्टनंतर होते. पण तेव्हाही जुनं विंडोज पुसलं जात नाही, 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात सरकवून ठेवलं जातं. काम मधेच तुटलं तर सेटअप पुढे सुरू होतो, नाहीतर जुनं विंडोज जागेवर आणून ठेवतो. अपग्रेड नीट पार पडलं तरी तो फोल्डर 10 दिवस राहतो, मागे फिरता यावं म्हणून.

मागच्या जूनमध्ये माझ्याच मशीनवर हे झालं. टक्के साठीच्या पुढे गेले होते, वादळ आलं, लाईन गेली आणि थोड्या वेळात इन्व्हर्टरनंही मान टाकली. लाईन आली ती रात्री. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर नुसते ठिपके गरगरत होते. शेजारचा पोरगा म्हणाला, "भाऊ, बंद करून चालू करा ना." मी कॅबिनेटवरचा डिस्कचा लहान दिवा पाहत बसलो. तो लुकलुकत होता, म्हणजे काम चालू होतं. जुन्या हार्ड डिस्कवर याला तास-दोन तास लागू शकतात. तासाभरानं जुनं विंडोज उघडलं, सगळ्या फाइली जागेवर. या वेळी लोक तीन-चारदा बटण दाबून मशीन बंद करतात, आणि साधा अडथळा तिथं मोठा होतो.

"फॉरमॅटशिवाय इलाज नाही" ही मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ. सलग दोनदा विंडोज उघडलं नाही की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा आपोआप येतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे, नुकताच टाकलेला अपडेट काढायची सोय आहे. शेवटी 'रीसेट' करायची वेळ आलीच तर 'कीप माय फाइल्स' निवडा. प्रोग्रॅम जातील, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागेल, पण तुमची कागदपत्रं राहतील.

त्याआधी फाइली बाहेर काढायच्या असतील तर तेही जमतं. त्याच पडद्यावरून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'नोटपॅड' टाइप करा, मग फाइल, ओपन. खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की तुमचे फोल्डर दिसू लागतात. राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. सी ड्राइव्ह तिथं डी नावानं दिसू शकतो, घाबरू नका. मात्र डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर 48 आकडी किल्ली लागते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आजच पाहून वहीत लिहून ठेवा.

आमच्याच भागातल्या एका ताईंनी असं अडकलेलं मशीन दुकानात नेलं. अर्ध्या तासात फॉरमॅट मारून मिळालं. पीकविम्याच्या पावत्या, स्कॅन केलेले सातबारे, सगळं गेलं. लाईननं त्यातलं काहीच नेलं नव्हतं. त्यांचा चेहरा आठवला की अजून जीव तुटतो.

विंडोज परत विकत घ्यायचं? नाही. अस्सल विंडोज 10 किंवा 11 चा डिजिटल परवाना मशीनच्या मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाशी, जोडलेला असतो. त्याच मशीनवर तीच आवृत्ती परत टाकली की इंटरनेट मिळताच ती चालू होते.

आणि अपडेट कायमचे बंद ठेवायचे? मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फाइली अडकल्या. आपल्या केंद्रात गावाचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकं पडून असतात. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही (सुरक्षेचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सेटिंगमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. तेवढ्यात वादळाचे दिवस टाळा, लाईन टिकणारी वेळ धरा, आणि त्याआधी फाइली पेन ड्राइव्हवर घ्या.

मेसेजमध्ये एक खरं बीज आहे. बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचा, अपडेट चालू असताना लाईन गेली तर मदरबोर्ड खरंच बंद पडू शकतो. हा अपडेट विंडोजच्या अपग्रेडपेक्षा वेगळा असतो. आमच्या केंद्रात तो फक्त लॅपटॉपवर होतो, बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असताना.