हातावर तुरी

दारातल्या पहिलवानाने माझं ओळखपत्र मागितलं नाही, हे मी आज चौथ्या दिवशीही विसरलेले नाही.

लेक न्यूयॉर्कला राहते, मॅनहॅटनच्या पार उत्तर टोकाला, इनवूडमध्ये. हा सगळा डोमिनिकन लोकांचा, म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक ह्या कॅरिबियन देशातून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांचा मुलूख. शनिवारी दुपारी ती आम्हाला डाइकमन स्ट्रीटवर जेवायला घेऊन गेली. जागा दिवसा खानावळ, रात्री नाइटक्लब. पण शनिवारी त्यांची रात्र दुपारी एकलाच सुरू होते, म्हणून काळ्या टी-शर्टातला एक दारापेक्षा रुंद माणूस प्रत्येकाला 21 वर्षं पूर्ण आहेत की नाहीत ते तपासत होता. आमच्या ह्यांचं वय 67, डोकं फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं. त्यांचा पासपोर्ट त्याने उलटसुलट केला, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला आणि मनगटावर जांभळा शिक्का मारला. लेकीलाही मारला. मी पर्स उघडून उभी, तर मला हात हलवून म्हणाला, "जा, दोन्या."

मला वाटलं, दोघांना आत सोडून झालं, आता जागा नाही. लेक म्हणाली, "अगं, दोन्या म्हणजे बाईसाहेब. मान देतोय तो." मला कोणी 21 ची समजावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ह्यांच्याबद्दल शंका येते आणि माझ्याबद्दल येत नाही? काहून?

बसायला जागा बाहेर, म्हणजे चक्क रस्त्यात. 2020 च्या कोविडात ह्या शहराने हॉटेलांना रस्त्यावर टेबलं मांडू दिली आणि ती सवय काही पूर्ण सुटलेली नाही. माझी एक कोपर टेबलावर, दुसरी मोटारसायकलींच्या वाटेत. डोक्यावर कपाटाएवढा स्पीकर. रात्रीची तयारी म्हणून आतला डीजे प्रत्येक गाण्याची पहिली 20 सेकंदंच वाजवून बघत होता. कान जरा सरावले की गाणं बंद, दुसरं सुरू. नको असलेलं गाणं पूर्ण ऐकणं परवडलं. हे म्हणजे नळाला पाणी आलं म्हणून बादली लावावी आणि नळाने फक्त फुसफुसावं.

वेट्रेस गोड होती. "मी आमोर" म्हणत आली. 'मी' ऐकून मला क्षणभर माहेरचं माणूस भेटलं असं वाटलं. आमोर म्हणजे प्रेम, 'मी' म्हणजे माझं, असं नंतर कळलं. मग तिने आजचा भात सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ती म्हणाली, भात आणि गांडूळ.

हे कृषी खात्यात 31 वर्षं होते. त्यातली निम्मी वर्षं अकोला जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना गांडूळखताचे फायदे सांगण्यात गेली. त्यामुळे ह्यांना धक्का बसला नाही, उत्सुकता वाटली. "तळून की उकडून?" असं त्यांनी लेकीला विचारलंसुद्धा. लेक टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. शब्द होता ग्वांदुलेस. ऑर्डर घेऊन वेट्रेस "आओरिता" म्हणाली आणि आमच्या हातावर तुरी देऊन गेली. आओरिता म्हणजे आत्ता, असं लेकीने शाळेत शिकलेलं स्पॅनिश सांगतं. डोमिनिकन माणूस आओरिता म्हणाला की समजायचं, आत्ता सोडून केव्हाही.

मधल्या काळात ह्यांच्यापुढे एक पेय आलं, दूध आणि संत्र्याचा रस. मी संत्र्यांच्या मुलखातली. आमच्याकडे संत्रं खाऊन दूध मागितलं असतं तर आजीने पाठीत धपाटा घातला असता. इथे दोन्ही बर्फासारखं गार करून एकत्र करतात, साखर घालतात, फाटत नाही. नावाचा अर्थ म्हणे 'स्वप्न बघत मरणे'. ह्यांनी शिक्क्याच्या हाताने ग्लास उचलला आणि दोन घोटांत संपवला. मेले नाहीत. स्वप्नात मात्र होते.

चाळीस मिनिटांनी भात आला. मी चमच्याने एक दाणा वेगळा काढला, दोन बोटांत दाबला, चाखला. तूर! तुरीचे ओले दाणे! हा तर आमचा सोलेभात. गोडा मसाला विसरलेल्या सुनेने केलेला, पण सोलेभातच.

माझ्यामागे चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. सोंगट्या टेबलावर अशा आपटत की दर वेळी मला वाटे, मागे कोणी दार फोडतंय. त्यातले एक आजोबा, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातले, हॅट घातलेले, खुर्ची फिरवून थेट माझ्या ताटात बघत होते. मी दाणा निरखते आहे हे पाहून त्यांनी लेकीमार्फत विचारलं, "दोन्याने ग्वांदुलेस कधी बघितले नाहीत का?"

अकोल्याच्या बाईला हा प्रश्न!

मी म्हटलं, "त्यांना सांग, हे आमचं आहे." ह्यांनी तेवढ्यात व्याख्यान लावलं: तूर मूळची भारतातली, तिथून आफ्रिकेत गेली, आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली वाणंही त्यांनी सोडली नाहीत. लेकीने ह्या सगळ्याचं भाषांतर मोजून सहा शब्दांत केलं. आजोबांनी डाव थांबवला, चौघांनी डोकी एकत्र केली, हातवारे झाले, एकाने टेबलावर मूठ आपटली. मग निकाल आला: "माझ्या आजीच्या परसात ग्वांदुलेस होते, सान हुआन दे ला माग्वानाला. माझी आजी भारतात कधीच गेली नव्हती."

ह्यावर काय बोलणार? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, इथे तर तुरी ताटात होत्या.

"बरं, तुम्ही त्यांचं काय करता?" आजोबांनी विचारलं. मी वरण सांगितलं: डाळ शिजवायची, घोटायची, हिंग, हळद, गुळाचा खडा, वर तूप. लेकीने सांगितलं. आजोबांचा चेहरा पडला. "मांस नाही? नारळाचं दूध नाही?" नाही. "कोणी आजारी असलं की करता का?" रोज करतो म्हटलं. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली. माझ्या घरात कोणी गेल्यासारखी.

मग त्यांनी नुसतं बोट वर केलं. आमच्यासाठी चाळीस मिनिटं आओरिता असलेली मुलगी चाळीस सेकंदांत आली. आजोबांनी मागवलं कोंकोन, म्हणजे पातेल्याच्या तळाला लागलेल्या भाताची खरवड. खरवडीचा एक तुकडा मोडून त्यांनी माझ्याच ताटातल्या तुरी त्यावर चढवल्या आणि तो माझ्या लेकीच्या हातावर ठेवला. मला नाही. लेकीने डोळे मिटून खाल्ला, आणखी मागितला.

ही माझी लेक. डिसेंबर-जानेवारीत मी तासन्‌तास शेंगा सोलून सोलेभात करायची, तेव्हा ताट ढकलून मॅगी मागायची. तिला तुरीची चव कळायला अर्धी पृथ्वी ओलांडून एका परक्या म्हाताऱ्याची बोटं लागली. हसण्यासारखं आहे, मीही हसले. पण घशाशी काहीतरी अडकलं होतं आणि ती खरवड नव्हती.

बिलात 18 टक्के टिप आधीच धरलेली होती, तरी यंत्राने पुन्हा विचारलं: 20, 22 की 25? लेकीने माझ्याकडे न बघता बटण दाबलं.

हे गेले चार दिवस उजवा हात बादलीबाहेर धरून आंघोळ करताहेत. काल लेकीने दुकानातून हिरव्या तुरीचा डबा आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई, सोलेभात कर ना."

मी म्हटलं, "आओरिता."