पांढरं फडकं आणि पावसाची वही

काजूचा हंगाम होता, दोनेक वर्षांमागचा. बागायतीत बोंडूंचा सडा पडलेला, आंबूस वास सुटलेला, आणि दोन तरुण पोरं दांडीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं फडकं पाचोळ्यावरून ओढत चालली होती. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. थोडी पावलं चालायची, थांबायचं, फडकं उलटं करायचं, डोळे बारीक करून बघायचं, चिमट्याने काहीतरी उचलून बाटलीत टाकायचं, वहीत एक आकडा लिहायचा. परत पुढे. बिया वेचणाऱ्या काकी कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, रानातला केर काढायला पण आता सरकार माणसं ठेवतं?"

मीही हसलो. विज्ञानाचा मास्तर असून हसलो, हे आधी कबूल करतो.

ती पोरं गोचीड मोजत होती. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप पहिल्यांदा सापडला, तेव्हाची गावागावांतली भीती इथल्या लोकांना आठवत असेल. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग मोडून यायचं, कुणाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त. सुरुवातीला डेंगी म्हणावं की मलेरिया, काही कळेना. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं, हे तेव्हापासून आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

हा ताप मुळात कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातला. १९५७ साली तिथल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. आधी शंका आली पीतज्वराची, कारण माकडं मरणं हे त्याचं लक्षण. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मंडळींनी नमुने तपासले तर विषाणू निघाला वेगळाच, रशियातल्या गोचीड-तापाच्या विषाणूचा भाऊबंद. मग प्रश्न आला की तो माणसापर्यंत पोचतो कसा. त्याचं उत्तर कुणाला झाडाखाली बसून सुचलेलं नाही. ते अशाच फडक्यांतून आलं. महिनोन् महिने, त्याच त्याच रानात, ओढलेल्या फडक्यांतून. पूर्ण वाढलेला गोचीड पावसाळ्यात जास्त सापडतो आणि तो डोळ्यांना दिसतोही. माणसाला गाठतं ते त्याचं पिल्लू. ते एवढंसं, की कातडीवर बसलं तरी तीळ वाटावा. आणि त्या पिल्लांचा सुळसुळाट कधी, तर पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंत. म्हणजे नेमके आमचे काजूचे दिवस. पाचोळ्यात वाकून बिया वेचायचे दिवस.

बाटलीत काय आहे ते पोरांनी दाखवल्यावर काकींनी एवढंच विचारलं, "मग आम्ही कधी वेचायच्या बिया?" ह्याला उत्तर नव्हतं. अंगाला तेल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, हे पोरांनी सांगितलं. काकींनी मान डोलावली आणि साडीचा काष्टा घट्ट करून पुन्हा वाकल्या.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या दिवशी मला एकच फॉरवर्ड सात जणांकडून आला. "गोमंतकाची विज्ञानपरंपरा." त्यात गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक, गोव्यातच १५६३ साली छापलेलं. १८४२ चं वैद्यकीय विद्यालय. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्यावरून अंटार्क्टिकाला निघालेली भारताची पहिली मोहीम. माशेलकर, कोसंबी. सगळं खरं आहे, माझीही छाती फुगते. फक्त ही यादी वाचून पोरांना वाटतं की विज्ञान म्हणजे मोठ्या माणसांनी मोठ्या दिवशी केलेली मोठी गोष्ट. फडकं ओढणारी ती दोन पोरं ह्या यादीत कधी येणार नाहीत. (ती कंत्राटावर होती. पुढच्या हंगामात दुसरीच पोरं आली आणि वहीपण नवी आली.)

कोसंबींचंच घ्या. कोसबें गावात १९०७ साली जन्मलेले दामोदर कोसंबी मूळचे गणिताचे. इतिहासकार म्हणून नाव झालं, ते आपण भाषणांत सांगतो. पण ह्या माणसाने हजारो आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, काट्यावर एकेक करून तोलली, हे कुणी सांगत नाही. विचार साधा होता. नाणं जितकं हातोहात फिरेल तितकं झिजेल, आणि झिजेल तितकं हलकं होईल. एका नाण्यावरून काहीच कळत नाही. ढीगभर तोलली की कुठली आधीची, कुठली नंतरची, याचा क्रम लागायला लागतो. सोनाराचं काम म्हणून कुणी नाक मुरडेल, पण राजांचा कालक्रम त्या काट्यावरून निघत होता.

त्यांचं दुसरं काम तर आमच्या भातशेतीत येऊन पोचलं आहे, आणि ते शेतकऱ्यांना सोडाच, गोव्यातल्या बहुतेक शिक्षकांनाही माहीत नाही. १९४४ मध्ये त्यांनी अनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र मांडलं. दोन गुण आईबापांकडून एकत्र आलेले असले तरी पुढच्या पिढीत कधीकधी एकमेकांपासून सुटतात. किती वेळा सुटतात ते मोजलं की ह्या सूत्राने गुणसूत्रावर त्या दोन जनुकांमधलं अंतर काढता येतं. आजही भाताचे, गव्हाचे जनुकीय नकाशे काढणारे लोक संगणकात 'कोसंबी' हा पर्याय निवडतात. केरळच्या पोक्कळी भाताचा खार सोसायचा गुण पहिल्या गुणसूत्राच्या एका तुकड्याशी जोडलेला आहे, त्या तुकड्याला साल्टॉल म्हणतात. असले तुकडे शोधायचे म्हणजे खाऱ्या पाण्यात शेकडो रोपं वाढवायची आणि एकेका रोपाला गुण द्यायचे, हे पिवळं पडलं, हे करपलं, हे तगलं. सूत्र कितीही सुरेख असलं तरी त्यात घालायचा आकडा कुणीतरी वाकून मोजलेला असतो.

माझी सासुरवाडी खाजनाकाठची. आमच्या डोंगरातल्या माणसाला खाजन हे नवलच. नदीच्या भरतीच्या पाण्याखाली गेली असती अशी जमीन, मातीच्या बांधाने राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप. मानशीचं लाकडी दार भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि उघडतं. ना मोटर, ना वीज. अभियांत्रिकीच्या पोरांना मी हे दार दाखवायला नेतो तेव्हा ती आधी मोबाईल काढतात आणि मग जरा वेळाने गप्प होतात. सासरे मानशीपाशी उकिडवे बसायचे, शेतातलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावायचे आणि सांगायचे, "अजून दोन पाऊस जाऊ देत. खार उतरला नाही." त्या शेतात कोरगुट भात. उंच वाढणारा, वाऱ्याने आडवा होणारा, लांब कुसळांचा, तांबड्या तांदळाचा. उतारा बेताचाच, पण बांध फुटून खारं पाणी शिरलं तरी हा टिकायचा. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने ह्या कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' मालिकेतले पहिले वाण काढले.

निवड हा शब्द ऐकायला सोपा. चांगली लोंबी बघायची, तिचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या पावसाळ्यात वेगळ्या ओळीत लावायचं, पुन्हा बघायचं. वर्षातून एकच पावसाळा असतो हो. चार वेळा बघायचं म्हटलं तरी चार वर्षं गेली. आणि आपल्याकडे संशोधन प्रकल्प मिळतो तीन वर्षांचा! त्यातलं पहिलं वर्ष यंत्रं आणि माणसं मिळवण्यात जातं, शेवटचं अहवाल लिहिण्यात. खाजनाला हे कॅलेंडर कुणी कळवलेलं नाही.

एकदा मुलांना घेऊन दोना पावलाला गेलो होतो, समुद्रविज्ञान संस्थेत. तिथल्या एका बाईंनी दोन काचेच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या, दोन्हींत समुद्राचं पाणी. दोन रसायनं दोन्हींत घातली, बूच लावून हलवल्या. पहिलीत तपकिरी साका बसला, दुधात काकवी पडल्यासारखा. दुसरीत पांढराच राहिला. "पांढरी आहे तिच्यात ऑक्सिजन नाही," बाई म्हणाल्या. मुलांना वाटलं कारखान्याच्या सांडपाण्याची बाटली असेल. ते पाणी कांदोळीसमोरच्या समुद्रातल्यासारखं होतं, सप्टेंबरात तळाशी असतं तसं. पावसाळ्यात खोल समुद्रातलं, आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. वरून पावसाचं, नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, म्हणून हवा खाली मुरत नाही. वर पिकलेलं शेवाळ मरून तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होण्यापर्यंत मजल जाते. ह्याच पाण्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वरचढ. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' ह्या नियतकालिकात हे मांडलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

एका मुलाने फार चांगला प्रश्न विचारला. हे पूर्वीपासून असं होतं, की शेतातली खतं वाहून आल्यामुळे वाढलं? बाई म्हणाल्या, त्यासाठी जुने आकडे लागतात. कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, ते १९९७ पासून त्याच जागी जाऊन पाणी काढताहेत. त्याच जागी. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्या वारीसारखं आहे. नवीन काही बघायला कुणी जात नाही, पण चुकवतही नाही.

उलट, मोजायचं राहून गेलं की काय होतं, ते माझ्या पिढीला मांडवीने शिकवलं. १९८६ च्या जुलैत ह्या नदीवरचा पणजीचा नेहरू पूल कोसळला. पूल बांधून दोन दशकंही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंज चढला होता आणि काँक्रीट बाहेरून धडधाकट दिसत होतं. पुढची कित्येक वर्षं आम्ही बेतीहून फेरीबोटीत कोंबून घेऊन पणजीला जायचो, तेव्हा गंज ह्या विषयावर बोटीत जितकी चर्चा व्हायची तितकी कुठल्या परिसंवादात झाली नसेल.

कुणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, सगळं वरून दिसतं. दिसतं. पण उपग्रहाला दिसलेला पाऊस खरा की खोटा, हे ठरवायला खाली जमिनीवर कुणीतरी भांडं ठेवलेलं लागतंच.

आता माझं दुखणं सांगतो. ज्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं तिथे मैदानाच्या कडेला आम्ही पर्जन्यमापक बसवला होता. सकाळी साडेआठला मोजपात्रात पाणी ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचा, आकडा वहीत. रविवारी आणि चतुर्थीच्या सुट्टीत शिपाईमामा मोजायचे. एकदा त्यांनी तीन दिवस सलग शून्य लिहिलं, श्रावणात! विचारलं तर म्हणाले, "मास्तर, भांड्यात बेडूक बसला होता, त्याला कसं उठवू?" चौदा वर्षांच्या वह्या झाल्या. मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी शाळेला रंग काढला, कपाटं रिकामी केली आणि वह्या भंगारवाल्याकडे गेल्या. कुणी मुद्दाम केलं नाही, त्यामुळे भांडायलाही कुणी उरलं नाही. मला समजावण्यात आलं की सर, पावसाचे आकडे नेटवर मिळतात. मिळतात, तालुक्याच्या गावचे, वाळपईचे. डोंगराच्या आमच्या बाजूला पाऊस वेगळा पडतो, हेच तर चौदा वर्षं लिहीत होतो.

दोष माझाही आहे. विज्ञान प्रदर्शनात मी वर्षानुवर्षं पहिला नंबर दिला तो सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने एक तक्ता आणला होता. जून ते सप्टेंबर रोज घरच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजलेली, आणि खाली माझ्या वहीतून उतरवून घेतलेला रोजचा पाऊस. निळी रेघ आणि लाल रेघ. पाऊस पडल्यावर विहीर किती दिवसांनी चढते ते त्यात स्पष्ट दिसत होतं. मी तिला उत्तेजनार्थ दिलं. तक्ता दिसायला जरा मळकट होता म्हणून.

त्या चार महिन्यांचा पाऊस आज जगात कुठे उरला असेल तर त्या तक्त्यावर. साल बहुधा २००७ किंवा २००८. बाय, तू हे वाचत असशील, किंवा तुला ओळखणारं कुणी वाचत असेल, तर घरी माळ्यावर एकदा बघ. उंदरांनी खाल्ला नसेल तर मोबाईलने फोटो काढून मला पाठव. दोरीला गाठी किती अंतरावर मारल्या होत्यास तेही लिही, ते विचारायचं माझं त्या दिवशी राहून गेलं.