नकाशा फुटतो, तेव्हा दोष ब्राउझरचा उरलेला नाही

आपल्या जिल्ह्याचा एखादा नकाशा सरकारी किंवा शैक्षणिक संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून आपल्या गावाचे नाव शोधावे. बहुतेक वेळा गावापर्यंत पोहोचण्याआधीच अक्षरे फुटलेली असतात. परभणीत भूगोल शिकवताना हा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. कारण या दुखण्यावरचा उपाय खुल्या मानकाच्या रूपात 2001 सालापासून उपलब्ध आहे.

त्या मानकाचे, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या चित्र-पद्धतीचे, नाव एसव्हीजी. जेपेग चित्रात पूर्णा नदी म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले निळे ठिपके असतात. एसव्हीजीमध्ये मात्र कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत, किती जाडीची आणि कोणत्या रंगाची रेषा काढायची, याची लेखी सूचना असते आणि ब्राउझर ती रेषा दर वेळी पडद्याच्या मापाने नव्याने काढतो. त्यातील ‘पाथरी’ किंवा ‘गंगाखेड’ ही अक्षरे अक्षरेच राहतात, म्हणून ती शोधता येतात, निवडता येतात आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकाला वाचूनही दाखवता येतात.

एवढे चांगले मानक असूनही ते रुजायला इतका काळ का लागला, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा सत्तेत सापडते. 1998 मध्ये वेबवरील रेखाचित्रांसाठी दोन मोठे गट आपापले प्रस्ताव घेऊन उभे होते: एकीकडे मायक्रोसॉफ्ट आणि मॅक्रोमीडिया, दुसरीकडे अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने दोन्हींपैकी एकही जसाच्या तसा न घेता नवे मानक घडवले आणि 4 सप्टेंबर 2001 रोजी त्याची पहिली आवृत्ती अधिकृत केली. फायरफॉक्सने नोव्हेंबर 2005 मध्ये ते अंगभूत स्वीकारले, ऑपेरानेही त्याच वर्षी सुरुवात केली. पण बहुसंख्य लोक वापरत असलेल्या, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते आले मार्च 2011 मध्ये, नवव्या आवृत्तीत. तोवर अडोबीचे वेगळे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवणे हाच मुख्य मार्ग होता आणि अडोबीनेही 2009 च्या सुरुवातीला त्यातून अंग काढून घेतले. शिवाय ही नववी आवृत्ती विंडोज एक्सपीवर चालतच नव्हती, त्यामुळे ज्या कार्यालयांत आणि नेट कॅफेंत एक्सपीच नांदत होते, तेथील इंटरनेट एक्सप्लोररसाठी 2011 साल उजाडलेच नाही.

मराठी वाचकाची अडचण तर दुहेरी होती, आणि तिची फारशी चर्चा होत नाही. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीच्या समान पद्धतीऐवजी, स्वतःचे फॉन्ट वापरत आणि ते फॉन्ट वाचकाच्या संगणकापर्यंत पोहोचवण्याची बरीचशी सोय मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीची, म्हणजे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारी होती. फायरफॉक्स उघडला तर नकाशा दिसेल पण बातमी वाचता येणार नाही, अशा स्थितीत वाचक कुठे राहणार? भाषेने त्याला त्याच ब्राउझरला बांधून ठेवले होते आणि त्या ब्राउझरने त्याला खुल्या मानकापासून दूर ठेवले. पीएनजी या दुसऱ्या चित्र-मानकाचेही असेच झाले. 1996 चे ते मानक, पण त्यातील अर्धपारदर्शकता इंटरनेट एक्सप्लोररला नीट दाखवता आली ती थेट 2006 मधील सातव्या आवृत्तीत.

आता तो ब्राउझर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला आहे आणि आजचा साधा मोबाईलसुद्धा एसव्हीजी व्यवस्थित दाखवतो. तरीही आपल्याकडचे नकाशे आणि आलेख जेपेगमध्येच का येतात? माझ्या मते याचे मूळ आपल्या छपाईच्या सवयीत आहे. फ्लेक्स असो, लग्नपत्रिका असो की कार्यालयाचा अहवाल, मांडणी कोरलड्रॉ या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये होते. म्हणजे मूळ काम रेषांचेच असते. पुढे फॉन्टचा घोळ नको म्हणून ‘कर्व्ह करून द्या’ असे सांगितले जाते, अक्षरांचे नुसते आकार उरतात, आणि वेबसाठी त्याचेच जेपेग काढून दिले जाते. छपाईपुरते कर्व्ह करणे योग्यच आहे, त्याबद्दल कारागिराला बोल लावण्याचे कारण नाही. मात्र तीच फाईल एसव्हीजी म्हणून वेबवर टाकली तर रेषा फुटणार नाहीत, पण गावाचे नाव शोधताही येणार नाही. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर कर्व्ह न करता दिला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. म्हणून एसव्हीजीचा आग्रह धरायचा तर युनिकोडचाही धरावाच लागेल.

दुसरीही एक खरी अडचण आहे. एसव्हीजी फाईलमध्ये प्रोग्राम लपवता येतो, म्हणून संकेतस्थळे चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली ती चढवू देत नाही, निदान मुळात तरी नाही. ही सावधगिरी रास्त आहे. फाईल तपासून, स्वच्छ करून चढवण्याची व्यवस्था संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने करावी, एवढेच.

ब्राउझरची मक्तेदारी मात्र केवळ इतिहासात जमा झाली, असे मला वाटत नाही. जेपेग एक्सएल हे नवे मानक जुनी जेपेग चित्रे काहीही न गमावता साधारण पाचव्या हिश्शाने लहान करू शकते. क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार 2023 मध्ये काढून टाकला, सफारीने त्याच वर्षी ते स्वीकारले, आणि 2025 च्या अखेरीस क्रोमच्या चमूने पुन्हा विचार करण्याची तयारी दाखवली. निर्णय कोणता योग्य यावर मतभेद असू शकतात. पण एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे ब्राउझर क्रोमच्याच इंजिनावर, म्हणजे पाने दाखवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, चालत असल्याने एका चमूचा होकार किंवा नकार जगभराचा ठरतो, हे मला खटकते. म्हणूनच मी वर्गात स्वतःच्या वेगळ्या इंजिनावर चालणारा फायरफॉक्सही उघडतो.

मराठवाड्यात आठ जिल्हे आणि 76 तालुके आहेत. नकाशे बनवण्याचे क्यूजीआयएस आणि रेखाचित्रे काढण्याचे इंकस्केप ही दोन्ही साधने मोफत आहेत, दोन्हींतून एसव्हीजी काढता येते आणि युनिकोड मराठीही लिहिता येते. आपल्या विद्यापीठांतील भूगोल आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून प्रत्येकी एक तालुका घेतला, तर नद्या, रस्ते आणि गावांची नावे असलेला पूर्ण संच तयार होईल. जिल्ह्याच्या संकेतस्थळांनी नकाशाच्या पीडीएफशेजारी त्याचा दुवा द्यावा, अशी लेखी मागणी मी करणार आहे. कोणाला सोबत सही करायची असेल तर खाली कळवावे.