एक हाक, तीन किलो कुंदा

दसऱ्याच्या आदल्या रात्री साडेआठला काकांचा फोन आला. काकांचं बेळगावातल्या शहापुरात मिठाईचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांच्या कुंद्याच्या ऑर्डरींसाठी मी मोठ्या उत्साहानं एक वेब ॲप्लिकेशन करून दिलं. (उत्साह माझा. काका तेव्हाही वहीच बरी म्हणत होते.)

"अरे, ते तुझं काय ते, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' म्हणायलंय. काय चुकलं ते तरी सांगायचं की त्यानं!"

ते वाक्य मीच लिहिलेलं. लिहिताना फार नम्र वाटलं होतं.

आमच्या ॲप्लिकेशनचा पडद्यावरचा भाग आणि दूरचा सर्व्हर एकमेकांशी रिमोट प्रोसीजर कॉलनं बोलतात. म्हणजे काय, हे आईला मी एकदा समजावलं होतं. माडीवर बसून "आई, चहा!" अशी हाक मारायची. चहा खाली होतो, पण हातात आला की माडीवरच झाल्यासारखा वाटतो. आई म्हणाली, "आणि खालच्या माणसाला ऐकूच गेलं नाही तर?" जगभरचे इंजिनिअर चाळीस वर्षं ह्याच एका प्रश्नावर पगार घेतायत.

ब्राउझरची नेटवर्क टॅब उघडली, तिथं प्रत्येक हाकेची एक ओळ दिसते. एकही ओळ लाल नाही. २००, २००, २००, सगळं सुरळीत! जेसन-आरपीसीची, म्हणजे आम्ही हाका मारतो त्या पद्धतीची, ही जुनी खोड. पोस्टमननं पाकीट दारात दिलं, की त्याचं काम झालं, म्हणून २००. आत लग्नाची पत्रिका आहे की कोर्टाची नोटीस, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाकीट फोडलं तर आत वजा ३२६०२.

ह्या घराण्यातले सगळेच आकडे वजा, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. वजा ३२७०० म्हणजे तुझं बोलणंच कळलं नाही. वजा ३२६०१ म्हणजे ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही. वजा ३२६०३ म्हणजे आमच्या घरातलं भांडण आहे, तू मध्ये पडू नकोस. आणि ३२६०२ म्हणजे माणूस घरात आहे, पण तू आणलेलं सामान त्याला पसंत नाही. कुठलं सामान, ते सांगणार नाही. सासुरवाडीला पहिल्या दिवाळीला गेलेल्या जावयाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

सर्व्हरचं काम बघणारा आमचा पोरगा हुबळीचा. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि अडचणीत सापडला की दोन्ही.

"सर, नन्न कडे चालतंय की."

म्हणजे 'माझ्याकडे चालतंय'. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्या भाषांत असतं.

"काल काही बदललंस काय?"

"इल्ला सर."

'नाही' म्हणाला. मी गप्प बसलो. फोनवर गप्प बसणं हे डीबगिंगचं, म्हणजे चूक हुडकण्याचं, सगळ्यात जुनं हत्यार आहे.

"म्हणजे... स्वल्प बदललंय."

स्वल्प म्हणजे त्यानं गावांच्या नावांची यादी 'साफ' केली होती. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली, त्यात आमचं बेलगाम जाऊन बेलगावी आलं. माझ्या फॉर्ममधून मात्र गावाचं नाव जुन्याच स्पेलिंगनं जात होतं. इतके दिवस सर्व्हर काणाडोळा करायचा, कालपासून त्याला बेलगाम माणसं चालेनाशी झाली. आम्ही घरात बेळगाव म्हणतो, पाटीवर बेळगावी वाचतो, रेल्वेच्या तिकिटावर बीजीएम बघतो आणि तिन्ही ठिकाणी न चुकता उतरतो. पण सर्व्हर काही इथला नव्हे.

शोधायला दीड तास, दुरुस्तीला दोन मिनिटं. दहा वाजता काकांचा फोन.

"जायलाय रे आता! अनगोळच्या एका बाईंनी तीन किलो सांगितलाय बघ."

मला भरून आलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"त्या बाई म्हणतायत, एकच किलो सांगितला."

आता हे पाप माझं. गर्दीच्या वेळी सर्व्हर ऑर्डर लगेच लिहून घेत होता, पण ग्राहकाला एसेमेस गेल्याची पोच येईपर्यंत उत्तर द्यायचा नाही. मधल्या प्रॉक्सीचा, म्हणजे हाका पोचवणाऱ्या निरोप्याचा, धीर ६० सेकंदांचा. तो संपला की तो ५०४, म्हणजे 'वेळेत उत्तर नाही', म्हणून मोकळा. आणि उत्तर आलं नाही तर तीनदा हाक मार, अशी ओळ मीच मोठ्या हुशारीनं लिहून ठेवलेली. तिन्ही हाका पोचल्या होत्या. पोचली नव्हती ती फक्त 'ओ'.

ह्या दूरच्या हाकेची पद्धत नीट बसवून १९८४ साली त्यावर शोधनिबंध लिहिला तो अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन ह्या दोघांनी. उत्तर आलं तर काम एकदाच झालं. नाही आलं तर एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल, कुठलं ते कळायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी त्यात दाखवला होता. दोघं नोकरीला होते झेरॉक्स कंपनीत. तीन प्रती निघाल्या ह्यात मग नवल ते काय!

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चिठ्ठीला नंबर घालत नाहीस काय? पोरगं दोनदा येऊ दे नाहीतर दहादा, सात नंबर आम्ही एकदाच बांधतोय."

रात्री एकपर्यंत बसून मी तेच केलं. प्रत्येक ऑर्डरला एक क्रमांक, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवं काही न करता जुनंच उत्तर द्यायचं. हुबळीचा पोरगा म्हणाला, "आयतु सर." म्हणजे झालं. हा बदल नोंदवताना कमिटच्या संदेशात मी काकांचं नाव घातलं नाही, हे आता बरं वाटत नाही.

सकाळी सोनं वाटायला निघतोय तोच दुकानातलं पोरगं दारात. काकांनी माझ्या मेहनतीचा म्हणून एक किलो कुंदा पाठवलेला. आईनं डबा आत नेला, इतक्यात दुसरं पोरगं आलं, हातात तसलाच डबा. पहिल्याला हाक मारली तेव्हा तो 'हो' म्हणाला नाही, म्हणून काकांनी दुसऱ्यालाही सांगितलं होतं.

नंबर दोन्ही डब्यांवर नव्हता. मी दोन्ही ठेवून घेतले.