ओन गोलनंतरची मॅच

३० ऑक्टोबर २०२२. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. वरच्या स्टँडमध्ये मी आणि माझी भाची. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला कोलंबिया जिंकायला हवी होती. कारण एकच: लिंडा कैसेदो. बॉल पायात आला की ती पोरगी समोरच्या दोघींना असं काही गोंधळवायची, की आमच्या मागच्या रांगेतले आजोबा दर वेळी "अगं अगं अगं" करायचे.

८२ व्या मिनिटाला स्पेनच्या हल्ल्यात गोलसमोर गडबड झाली आणि बॉल कोलंबियाच्याच आना मारिया गुझमानकडून आपल्या जाळ्यात गेला. ओन गोल. १-०. मॅचमधला तेवढाच गोल. स्पेनने २०१८ ला उरुग्वेत जिंकलेला कप राखला.

मॅच संपल्यावर स्पेनच्या मुली धावत सुटल्या होत्या, पण भाचीचं तिकडे लक्षच नव्हतं. "मामा, ती ओन गोलवाली आता परत खेळेल का रे?" मी म्हटलं, खेळेल की. म्हणजे आपण पोरांना म्हणतो तसं. मला काय ठाऊक होतं!

आता पुढचं ऐका. ८ ऑगस्ट २०२३, मेलबर्न. मोठ्या बायकांचा वर्ल्ड कप, कोलंबिया विरुद्ध जमैका, उपउपांत्यपूर्व फेरी. डावीकडून लांबवर एक सुरेख क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला पास) येतो, कातालिना उस्मे तो एका टचमध्ये काबूत घेते आणि गोल करते. कोलंबिया १-० ने जिंकते आणि इतिहासात पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत पोचते. तो क्रॉस देणारी कोण? गुझमान. आमची ओन गोलवाली. जेमतेम सव्वानऊ महिन्यांनी.

मी भाचीला व्हिडिओ दाखवला. तिने तीनदा बघितला आणि म्हणाली, "बघ, तिला पुढची मॅच मिळाली म्हणून."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

२०२२ च्या त्या नवी मुंबईतल्या फायनलच्या स्पर्धेत आपलीही टीम होती, यजमान म्हणून. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर तीन मॅच: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या आठवड्यात फेसबुकवर जे विनोद फिरले ते मी विसरलेलो नाही. माझ्याच फ्रेंडलिस्टमधले दोघंतिघं 'यांच्यापेक्षा आमच्या गल्लीतली पोरं बरी' छापाचं लिहीत होते. त्यातल्या एकाने तरी त्या मुली पात्रता फेरी न खेळता थेट वर्ल्ड कपला का उतरल्या, हे बघायचे कष्ट घेतले असतील असं वाटत नाही.

यजमानाला थेट प्रवेश असतो. तो आपल्याला मिळाला, चांगलंच झालं. पण पात्रता फेरी हा फक्त अडथळा नसतो, ती शाळाही असते. टांझानियाचं घ्या. त्यांचाही तो पहिलाच वर्ल्ड कप. पण त्या मुली आफ्रिकेच्या पात्रता फेरीतून आल्या होत्या, एक मॅच घरी, एक परक्या मैदानावर, अशा एकेक टप्पा पार करत. जपानकडून ०-४ ने हरल्या. पुढच्या मॅचमध्ये त्यांनी फ्रान्सला २-१ ने हरवलं, हो, फ्रान्सला. मग कॅनडाशी १-१ बरोबरी करून उपांत्यपूर्व फेरीत. चार गोल खाऊन तीन दिवसांत उठून उभं राहायचं हे शिबिरात शिकवता येत नाही. आधी कुठेतरी हरून उठलेलं असावं लागतं.

आणि आपल्या मुलींची वाट तर आणखी वेडीवाकडी. ही स्पर्धा मुळात २०२० ला भारतात व्हायची होती. स्वीडनला २०११ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये तिसरं स्थान मिळवून देणारे थॉमस डेनरबी कोच म्हणून आले, मुली निवडल्या, कॅम्प लागला. मग कोविड. स्पर्धा आधी पुढे ढकलली, मग रद्दच केली आणि यजमानपद २०२२ चं दिलं. पण २०२२ साठी अट होती १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म. म्हणजे २०२० साठी घाम गाळलेल्या २००३ आणि २००४ च्या मुली एकही मॅच न खेळता वयातून बाद. नवी टीम, नवा कॅम्प. त्यात २०२२ च्या उन्हाळ्यात परदेश दौऱ्यावर सहाय्यक कोचवर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला काढून टाकावं लागलं. त्यात ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फुटबॉल फेडरेशनलाच निलंबित केलं, बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून. अकराएक दिवसांनी निलंबन उठलं, नाहीतर वर्ल्ड कपही गेला असता. स्पर्धेला दोन महिने राहिलेले असताना! मोठी माणसं हा सगळा खेळ करत होती तेव्हा त्या पोरी सराव करत होत्या.

त्यांना ०-१६ वरून हसायचं? मी नाही हसणार.

पण 'बिच्चाऱ्या' म्हणूनही सोडून देणार नाही, कारण त्यात कुणाचीच जबाबदारी राहत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आपण मुलींना स्पर्धेसाठी तयार करतो, खेळण्यासाठी नाही. मोठी स्पर्धा जाहीर झाली की निवड चाचणी, कॅम्प, डाएट, परदेशी कोच. स्पर्धा संपली की किट परत आणि सगळे घरी. मॅच मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

वरचं सोडा, अगदी खाली काय चालतं ते माझ्या घरात दिसतं. भाची आता चौदा पूर्ण आहे, डावी बॅक खेळते, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळते. तिच्याकडे एक वही आहे. पहिल्या पानावर तिने स्वतः रकाने आखलेत: तारीख, कुणाविरुद्ध, किती मिनिटं, काय चुकलं. मागच्या अख्ख्या वर्षात त्यात तीन ओळी आहेत. तीन! पहिली ओळ शाळेच्या जिल्हा स्पर्धेची. सगळी नॉकआउट. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, हरलात की बसमध्ये बसा. दुसऱ्या ओळीत लिहिलंय, 'समोरची टीम आलीच नाही. आम्ही जिंकलो. मिनिटं ०.' तिसरी ओळ उपांत्य फेरीची, पुन्हा चाळीस मिनिटं. 'काय चुकलं'च्या रकान्यात: 'विंगर आत वळते तेव्हा मी जागा सोडते.' (विंगर म्हणजे कडेने हल्ला करणारी समोरची खेळाडू.) त्यापुढे कंसात: 'पुढच्या मॅचला बघू.'

ती पुढची मॅच आठ महिने झाले आलेली नाही.

वर्षभर आठवड्यातून चार दिवस सराव आणि मॅचची एकूण मिनिटं ऐंशी. गणिताच्या क्लासला वर्षभर घालून दोनच गणितं सोडवायला दिली तर आईबाप क्लासवाल्याला धारेवर धरतील. इथे कुणी विचारत नाही. मी एका आयोजकांना विचारलं होतं की निदान मुलींचं तरी साखळी पद्धतीने का घेत नाही, टीम मिळून सहाच तर आहेत. ते म्हणाले, "मैदान दोनच दिवस मिळतं हो. आणि मुलींच्या टीम लांबवर राहायला तयार नसतात." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मी मान्य करतो. पण त्याच मैदानावर मुलांची स्पर्धा पाच दिवस चालली होती, हेही खरं आहे.

कुणीतरी उत्तर कोरियाचं उदाहरण देणार, म्हणून आधीच सांगतो. हो, त्यांनी हा कप चारदा नेलाय: २००८, २०१६, २०२४ आणि २०२५. इतका कुणीच जिंकलेला नाही. आणि हो, तिथे मुलींना निवडून, एकत्र ठेवूनच तयार करतात. पण तिथे ते वर्षानुवर्षं चालतं, शाळेसारखं. स्पर्धा जाहीर झाली म्हणून घाईघाईत लावलेलं शिबिर ते नव्हे. शिवाय तसल्या व्यवस्थेत मी माझ्या भाचीला पाठवणार नाही, तुम्हीही पाठवणार नाही. तेव्हा ते उदाहरण आपल्या कामाचं नाही.

आपल्या कामाचं उदाहरण आपल्याकडेच घडलंय आणि त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही. ऑक्टोबर २०२५, किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. आपल्या सतरा वर्षांखालच्या मुली उझबेकिस्तानविरुद्ध ०-१ ने मागे होत्या. दुसऱ्या हाफमध्ये दोन गोल केले, २-१ ने जिंकल्या आणि २०२६ च्या आशियाई कपसाठी पात्र ठरल्या. पात्रता फेरी खेळून, जिंकून. यजमान म्हणून नाही. त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या मुलींनीही म्यानमारला हरवून त्यांच्या आशियाई कपचं तिकीट काढलं आणि सिनियर टीमने थायलंडला थायलंडमध्ये जाऊन हरवलं. आठ गोल खाल्ले तेव्हा ज्यांना मीम सुचले होते, त्यांच्या भिंतीवर त्या दिवशी शुकशुकाट होता. असो.

मला त्या बिश्केकच्या मॅचमध्ये गोलांपेक्षा हाफ टाइमनंतरची टीम आवडली. मागे पडलेल्या मुली घाबरून बॉल लांब मारत सुटतात, हे मी दर शाळेच्या मॅचला बघतो. या तसं करत नव्हत्या.

आणखी एक चांगली गोष्ट झालीय, जरा तांत्रिक आहे पण सांगतो. हा वर्ल्ड कप पूर्वी दर दोन वर्षांनी व्हायचा आणि त्यात सोळाच टीम असायच्या. मग २००६ ला जन्मलेल्या मुलीचं काय होतं बघा: २०२२ ला ती सोळाची, समोर वर्षाने मोठ्या मुली, आणि २०२४ ला ती वयातून बाद. त्या वयात एक वर्ष म्हणजे उंचीत, ताकदीत केवढा फरक! नुसतं चुकीच्या साली जन्मल्याची शिक्षा. आता २०२५ पासून स्पर्धा दर वर्षी होते, २०२९ पर्यंत मोरोक्कोतच, आणि टीम चोवीस. म्हणजे प्रत्येक सालच्या मुलींना आपल्या वयाचा एक वर्ल्ड कप आहे.

भाचीचं साल २०११. तिच्या वर्षाचा वर्ल्ड कप २०२८ ला. नाही हो, ती तिथे खेळेल असं मी म्हणत नाहीये, मामा असलो तरी एवढा आंधळा नाही. पण तिच्याच सालची कुणीतरी खेळायची असेल, तर ती मुलगी आत्ता कुठल्यातरी मैदानावर चौदा वर्षांची आहे आणि तिच्याही वहीत तीनच ओळी असतील, तर २०२८ ला पुन्हा तेच आकडे आणि पुन्हा तेच विनोद.

आता मुद्द्याचं. आम्ही पाच-सहा पालक मिळून मुलींची साखळी स्पर्धा घ्यायचा प्रयत्न करतोय, दर रविवारी सकाळी एक मॅच, हरलं तरी पुढच्या रविवारी यायचंच. चार टीम ठरल्यात. आणखी दोन हव्यात. पंधराच्या आतल्या मुली, सात-सात जणी असल्या तरी चालेल, किटचा रंग कुठलाही. रेफरीचं काम करायला कुणी तयार असेल तर आधी त्यांनी इनबॉक्स करा, कारण सध्या शिट्टी माझ्या हातात आहे आणि ऑफसाइडवरून भाचीशी माझं रोज भांडण होतंय.