नुसता दगड कसा म्हणता?

लेख आवडला, पण "शंखाचा जीवाश्म म्हणजे नुसता दगड, जिवाचं काही शिल्लक नाही" हे वाक्य पटलं नाही. प्राणी शिंपला बांधतो तेव्हा त्याची थोडी प्रथिनं चुन्याच्या स्फटिकांच्या आतच अडकतात. स्फटिकांच्या मधली धुऊन जातात, आतली टिकतात. म्हणून अभ्यासक आधी शिंपल्याची भुकटी करून ती ब्लीचमध्ये ठेवतात. उघड्यावरचं सगळं जळतं, उरतं ते सीलबंद. मग आम्लात विरघळवून अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मोजायची. जिवंतपणी ती 'डावी' असतात, मेल्यावर हळूहळू 'उजवी' (म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी) होत जातात. त्या प्रमाणावरून वयाचा अंदाज येतो. टांझानियात लाएटोलीला शहामृगाच्या ३८ लाख वर्षं जुन्या अंड्याच्या कवचात प्रथिनांचे तुकडे मिळालेत. ते २०१६ साली जाहीर झालं.

मात्र हे घड्याळ उष्णतेत जोरात पळतं. इंग्लंडच्या थंडीतल्या शिंपल्याचं गणित आमच्या बेळगावच्या मातीतल्या शिंपल्याला तसंच लावलं तर वय भलतंच जास्त निघायचं. शिवाय चुन्याच्या स्फटिकांचे दोन प्रकार, कॅल्साइट आणि ॲरागोनाइट; कॅल्साइटचं कवच जास्त भरवशाचं, ॲरागोनाइटचं पुढंमागं बदलून जातं, आणि बदललं की आतलं सील फुटलंच म्हणा.

मी खानापूरकडचा, शाळेत विज्ञान शिकवायचो. वेंगुर्ल्याहून आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मुलांकडून व्हिनेगरमध्ये टाकून घ्यायचो. बुडबुडे थांबले की तळाशी कधीकधी पातळ पापुद्रा उरायचा. "सर, हे काय ओ?" हा प्रश्न दरवर्षी यायचा. (घरी मात्र वास आला म्हणून बोलणी खाल्लीत.)