नायक नववीत आहे ना? मग त्याला मुलगीच आवडू द्या

कुमारांसाठी कथा लिहायला घेतलीय? वा! मी नुकतीच एक दिवाळी अंकाला पाठवली होती, ती साभार परत आली. म्हणजे अनुभव ताजा आहे. फुकट सल्ला देते, घ्या.

मुलाला मुलगा आवडतो असं लिहू नका. 'जिवलग मित्र' लिहा. दोघांना सायकलवर डबलसीट फिरवा, एका डब्यातलं खाऊ द्या, एक परगावी गेला की दुसऱ्याला ताप येऊ द्या. ज्याला कळायचं त्याला कळेल, संपादकांना कळणार नाही.

'गे' हा शब्द हाक मारण्यापुरताच ठेवा. 'ये गे' चालतं.

नायकाला नटायची हौस असेल तर ती स्नेहसंमेलनात उरकून घ्या. तिथे तो नऊवारी नेसून लावणीवर नाचला तर मुख्याध्यापकही टाळ्या वाजवतात. सोमवारी नखाला नेलपॉलिश दिसलं की पालकांना चिठ्ठी. बालगंधर्वांचं बघून घरंदाज बायका नटायला शिकल्या, हे मात्र अभिमानाने सांगायचं.

वाचनालयात बिंदुमाधव खिऱ्यांची, समलिंगी मुलावरची 'पार्टनर' मागितलीत तर वपुंची हातात ठेवतील. वाद घालू नका, तीच वाचा.

शेवटी नायकाला मारा. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकातली, मुलीवर प्रेम करणारी मित्रा १९८१ साली जगली नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली, सोयीचा शेवट अजून तोच आहे.

आणि वयाचा मुद्दा निघाला की मान डोलवा. मला संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, कथा छान आहे हो, पण मुलांच्या वयाला झेपणार नाही. नायकाला कॉलेजात टाका, मोठ्यांच्या अंकाचं बघू." मी आपली हो हो करत होते. फोन ठेवला आणि समोर कपाटात 'शाळा' दिसली. मिलिंद बोकिलांची, २००४ची. नववीतला जोशी, नववीतलीच शिरोडकर. अख्खा महाराष्ट्र विरघळला, सिनेमा निघाला. तेव्हा कुणी म्हणालं का, नववीच्या वयाला झेपणार नाही? नाही म्हणालं, कारण ज्याची त्याची एक शिरोडकर होती. माझंही आवडतं पुस्तक आहे ते, भांडण त्याच्याशी नाहीच. पण त्याच वर्गात शिरोडकरकडे न बघता जोशीकडेच बघत बसणारा एखादा असेल, त्याचं काय? त्याला नववीत काही होत नाही? त्याचं थेट अठराव्या वाढदिवसाला सुरू होतं, मतदार ओळखपत्राबरोबर? अहो, माझ्या कथेत साधा हातात हातसुद्धा नव्हता! एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी चार दिवस परत केली नाही, एवढंच होतं. कंपासपेटी!

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगून टाकलं, प्रौढांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. कंपासपेटीला अजून जामीन मिळालेला नाही.

जाऊ दे, पुरे झाला सल्ला. संपादकहो, तुम्ही मुलांचं वय सांभाळत नाही आहात, अंकाच्या जाहिराती सांभाळताय. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द पोरांना पाचवीतच पाठ असतात, ते कुठल्या वयाला झेपले? ते ऐकावे लागतील म्हणून मधल्या सुट्टीत मुतारीकडे न फिरकणारा, दिवसभर पाणी न पिणारा पोरगा प्रत्येक शाळेत एक तरी सापडेल. तो रोज झेलतो ते त्याच्या वयाला झेपतं का, हे विचारायला कुणाचा फोन येत नाही. आणि त्याच्या वाट्याची चार पानं छापायची वेळ आली की तुम्हाला बालमन आठवतं. लाज वाटू द्या जरा.

कथा मी बदलणार नाही. कंपासपेटी पाचव्या दिवशी परत मिळते, आत नवं खोडरबर असतं. आणि दोघंही शेवटपर्यंत जिवंत आहेत.